ड्रायझायटलचे ११० गुण उसने नव्हते

आइस हॉकीपटू लेऑन ड्रायझायटलचं नाव निघालं की त्याच्याच संघातल्या बड्या सहकाऱ्याबद्दलचं एक वाक्य हमखास पुढे येतं: "शेजारी कॉनर मॅकडेव्हिड असेल तर कुणीही गुण करेल." आइस हॉकीबद्दल समाजमाध्यमांवर इतकं फिरलेलं दुसरं वाक्य क्वचितच असेल. त्याला शेपटंही बरीच जोडलेली असतात. निम्मे गुण पॉवर प्लेचे, गोल नशिबाचे, बचावात शून्य, मोसमही अर्धवट आणि 'पहिला जर्मन' हा मानसुद्धा खरा नाही.

वाद आहे तो २०१९-२० च्या मोसमाचा. कोलोनमध्ये जन्मलेल्या, तेव्हा चोवीस वर्षांच्या या पोराने एडमंटन ऑयलर्सकडून ७१ सामन्यांत ४३ गोल आणि ६७ असिस्ट केले, म्हणजे ११० गुण. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या गुणतक्त्यात तो पहिला आला. त्यासाठीचा आर्ट रॉस करंडक मिळवणारा तो पहिला जर्मन. सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडकही त्यालाच मिळाला आणि हा मान मिळवणाराही तो पहिलाच जर्मन.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याआधी पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, पुरवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक. क्रिकेटच्या धावफलकावर झेल घेणाऱ्याचं आणि गोलंदाजाचं अशी दोन्ही नावं लागतात, तसंच हे. त्यामुळे कुणाचे गुण कुणाच्या जिवावर, हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. मला खटकतं ते हे की प्रश्न विचारणारे उत्तर शोधायच्या आधीच मोकळे होतात.

"सगळं मॅकडेव्हिडमुळे"

आधी यातलं खरं तेवढं मान्य करू. २०१८-१९ मध्ये ड्रायझायटलने ५० गोल आणि १०५ गुण केले, तेव्हा तो बराच काळ मॅकडेव्हिडच्याच लाइनमध्ये, म्हणजे त्याच्यासोबतच बर्फावर उतरणाऱ्या तिकडीत खेळत होता. २०१९-२० च्या सुरुवातीलाही तेच होतं. मॅकडेव्हिड, ड्रायझायटल आणि झॅक कॅसियन अशी लाइन होती. दावा करणारे इथपर्यंतच पाहतात.

पण त्याच डिसेंबरमध्ये ऑयलर्सची गाडी अडली. दोन सर्वोत्तम खेळाडू एकाच लाइनमध्ये असल्याने समोरचा संघ आपले उत्तम बचावपटू त्या एका लाइनवर लावायचा आणि बाकीच्या लाइन कोरड्या राहायच्या. प्रशिक्षक डेव्ह टिपेट यांनी वर्षअखेरीस दोघांना वेगळं केलं. ३१ डिसेंबरला ड्रायझायटल मधल्या जागेवर, सेंटरला आला. त्याच्या एका बाजूला रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि दुसऱ्या बाजूला दुय्यम लीगमधून नुकताच वर बोलावलेला केलर यामामोटो होता. यामामोटो म्हणजे पाच फूट आठ इंचांचा, या खेळाच्या मानाने अगदीच छोट्या चणीचा मुलगा. त्याने पुढच्या २७ सामन्यांत २६ गुण केले.

इथे जरा थांबा. मॅकडेव्हिडशेजारी कुणीही गुण करतो असं म्हणायचं असेल, तर मॅकडेव्हिड ज्या लाइनमध्ये नाही तिथे एक नवखा पोरगा सामन्यामागे जवळपास एक गुण कसा करतो? तिथे तर पक ड्रायझायटलच्या काठीवरून येत होता. नव्या वर्षात लीगमधल्या सगळ्यात भेदक लाइनपैकी एक म्हणून ही तिकडी ओळखली जाऊ लागली, आणि ड्रायझायटल गुणतक्त्यात वर सरकला तो याच काळात.

फेब्रुवारीत तर परीक्षाच झाली. मॅकडेव्हिड जखमी होऊन सहा सामने बाहेर बसला. त्या सामन्यांत ड्रायझायटल सामन्यामागे सरासरी एकापेक्षा जास्त गुण करत राहिला. मार्चच्या सुरुवातीला नॅशव्हिलमध्ये त्याने एकाच सामन्यात चार गोल मारले.

थोडं मागे गेलं तरी हेच दिसतं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये प्रिन्स अल्बर्ट रेडर्सकडून २०१३-१४ मध्ये त्याने ६४ सामन्यांत १०५ गुण केले होते. मॅकडेव्हिड तेव्हा अमेरिकेतल्या ईरी शहरात, दुसऱ्या ज्युनियर लीगमध्ये शाळकरी वयाचा होता. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ऑयलर्सनी ड्रायझायटलला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, मॅकडेव्हिड एडमंटनला येण्याच्या वर्षभर आधी. त्याहून आधी, मानहाइमच्या सोळा वर्षांखालील संघात त्याने एका मोसमात २९ सामन्यांत १९२ गुण केले होते. मुलांच्या स्पर्धेतले आकडे फार ताणू नयेत, पण पक कुठे द्यायचा हे त्याला एडमंटनमध्ये येऊन कुणी शिकवलेलं नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

मग २०१५ चा नोव्हेंबर. मॅकडेव्हिडच्या पहिल्याच मोसमात त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तो ३७ सामने मुकला. ड्रायझायटल ऑक्टोबरअखेरीस दुय्यम लीगमधून वर आला होता. सहकारी टेलर हॉलसोबत खेळताना या वीस वर्षांच्या पोराने त्या काळात सामन्यामागे जवळपास एक गुण केला. उत्तरार्धात त्याचा वेग मंदावला आणि मोसम ५१ गुणांवर संपला, हेही खरं. पण मॅकडेव्हिडविना तो चालत नाही असं म्हणणाऱ्याने हे तीन महिने कुठे ठेवायचे ते सांगावं.

शेवटची गोष्ट मतांची. त्या वर्षी हार्टच्या अंतिम तिघांत ड्रायझायटल, नेथन मॅकिनन आणि आर्तेमी पनारिन होते, मॅकडेव्हिड नव्हता. मॅकडेव्हिडने ६४ सामन्यांत ९७ गुण करून गुणतक्त्यात दुसरा क्रमांक मिळवला होता, तरीही. आणि टेड लिंडसे करंडक तर खेळाडूच आपल्या मतांनी देतात. रात्रंदिवस या दोघांसमोर खेळणाऱ्यांनी तो ड्रायझायटलला दिला. कोण कुणाच्या आधाराने उभा आहे हे त्यांच्याइतकं जवळून कुणालाच दिसत नाही.

"निम्मे गुण पॉवर प्लेचे"

निम्मे नाहीत. ११० पैकी ४४. समोरच्या संघाचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसतो आणि पाचाविरुद्ध चार असा खेळ होतो, तेव्हाचे हे गुण. ते सगळे काढून टाकले तरी ७१ सामन्यांत ६६ उरतात. पण ते काढायचे तरी का? त्या मोसमात ऑयलर्सचा पॉवर प्ले २९.५ टक्के वेळा यशस्वी झाला. चाळीस वर्षांत लीगमध्ये कुणाला एवढं जमलं नव्हतं. हा आपोआप मिळणारा प्रसाद असता तर बाकीच्या तीस संघांनाही मिळाला असता.

त्याची जागा नीट पाहण्यासारखी आहे. ड्रायझायटल डाव्या हाताने फटका मारतो, पण उभा राहतो उजवीकडच्या वर्तुळात, तेही वर्तुळाच्या अगदी तळाशी, जवळजवळ गोलरेषेला लागून. बहुतेक फटकेबाज याच्या कितीतरी वर, गोल पूर्ण दिसेल अशा जागी उभे राहतात. त्याच्या जागेवरून गोलची फट चिंचोळी दिसते. गोलरक्षक खांबाला चिकटून उभा असतो आणि खांदा व खांब यांच्यात राहतं ते वीतभर अंतर. समोरून पक येतो, तो थांबवायचा नाही, सावरायचा नाही, आला तसाच भिरकवायचा. पक खांद्यावरून आत जातो तेव्हा गोलरक्षकाचा हात अजून खालीच असतो. फटक्यासाठी तो मोकळा राहतो याचं कारणही हेच आहे की तिथून कुणी मारेल असं बचावपटूंना वाटतच नाही. मॅकडेव्हिडचा पास त्याला मिळतो हे कबूल, पण तिथून गोल काढणारे लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

शिवाय त्या वर्षी असिस्टमध्येही लीगमध्ये पहिला तोच होता, ६७ असिस्टसह. उलट्या हाताने, बचावपटूच्या काठीवरून पक उडवून पलीकडच्या सहकाऱ्याच्या काठीवर सपाट उतरवायचा, ही त्याची खासियत. ज्याला पास देता येतो त्याच्याबद्दल तो फक्त दुसऱ्याच्या पासवर जगतो असं म्हणणं अन्यायाचं आहे.

"बचावात शून्य, उणे सात"

या आक्षेपात तथ्य आहे. त्या मोसमात त्याचा प्लस-मायनस उणे ७ होता, म्हणजे तो बर्फावर असताना संघाने मारलेल्यापेक्षा खाल्लेले गोल सातने जास्त. डिसेंबरमध्ये तो पक गमावल्यावर मागे धावायला कमी पडत होता, हे त्याच्या चाहत्यांनीही पाहिलं. एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: या हिशेबात आपल्या पॉवर प्लेवर मारलेले गोल धरलेच जात नाहीत. सामन्यामागे साडेबावीस मिनिटांच्या आसपास खेळणाऱ्या फॉरवर्डचं, म्हणजे आक्रमण करणाऱ्या खेळाडूचं, मोठं काम त्यातून गळतं. तरी हा आकडा चांगला नाही, आणि तो चांगला असल्याचं मी म्हणणार नाही.

"नशीब होतं, परत व्हायचं नाही"

हा दावा पहिल्यांदा झाला तेव्हा त्यात तर्क होता. २०१८-१९ मध्ये त्याने २३१ फटक्यांत ५० गोल केले, म्हणजे २१.६ टक्के. लीगमध्ये साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. दुप्पट टक्केवारी दिसली की हे टिकणार नाही असं जाणकार म्हणतात आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरतं.

इथे ते चुकलं. पुढच्या वर्षी २१८ फटक्यांत ४३ गोल, १९.७ टक्के. २०२१-२२ मध्ये ५५ गोल. २०२२-२३ मध्ये ५२ गोल आणि १२८ गुण. २०२४-२५ मध्ये पुन्हा ५२ गोल आणि सर्वाधिक गोलांचा रॉकेट रिचर्ड करंडक. एवढ्या वर्षांत त्याचा साधारण पाचातला एक फटका आत जातोच आहे. तो लांबून, उगाच, गर्दीतून मारत नाही. चांगली जागा मिळेपर्यंत पक काठीवर ठेवतो, नाहीतर देऊन टाकतो. २०१७ मध्ये ऑयलर्सनी त्याच्याशी आठ वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा पैसे जास्त दिले म्हणून केवढी ओरड झाली होती. आज त्या कराराला कुणी महागडा म्हणत नाही.

"मोसम अर्धवट होता"

कोविडमुळे मार्च २०२० मध्ये सामने थांबले, त्यामुळे त्याचे अकरा सामने बुडाले. सामने कमी म्हणजे गुणही कमी. याचा तोटा त्यालाच झाला. त्याच वेगाने ८२ सामन्यांत १२७ गुण झाले असते.

"पहिला जर्मन नाहीच"

सगळ्या शेपटांत हे सर्वांत विचार करण्यासारखं आहे. दावा असा की डॅनी हीटली जर्मनीत, फ्रायबुर्गमध्ये जन्मला आणि त्याने एनएचएलमध्ये ओटावाकडून २००५-०६ आणि २००६-०७ असे लागोपाठ दोन मोसम ५० गोल केले, तर ड्रायझायटल पहिला कसा?

हीटलीचे कॅनेडियन वडील तेव्हा फ्रायबुर्गला हॉकी खेळत होते म्हणून तो तिथे जन्मला. वाढला कॅल्गरीत, खेळ शिकला कॅनडात, आणि २०१० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं ते कॅनडासाठी. जर्मनीच्या हॉकीने त्याला घडवलेलं नाही.

ड्रायझायटलचं घरच जर्मन हॉकीतलं. वडील पेटर जर्मनीच्या राष्ट्रीय संघात होते. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये कॅनडाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना शूटआउटपर्यंत गेला आणि अखेरचा फटका पेटर यांच्याकडे आला. पक कॅनडाचा गोलरक्षक शॉन बर्कच्या अंगाखालून निसटला, लोळत गेला आणि गोलरेषेवर आडवा पडून थांबला. जर्मनी हरली. त्यांचा मुलगा कोलोन आणि मानहाइमच्या रिंकवर शिकला. जर्मनीचा त्याआधीचा मोठा एनएचएल खेळाडू मार्को स्टुर्म. त्याची एका मोसमातली सर्वोच्च कामगिरी ५९ गुणांची. ५९ वरून ११० म्हणजे जवळजवळ दुप्पट. २०२० मध्ये जर्मनीने ड्रायझायटलला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. फुटबॉलवेड्या त्या देशात आइस हॉकीपटूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

तरीही कुणाला जन्मगावच मोजायचं असेल, तर तेही मोजू. हीटलीचा सर्वोत्तम मोसम २००६-०७ चा: ५० गोल, ५५ असिस्ट, १०५ गुण. ड्रायझायटलचा २०१८-१९ चा मोसम: ५० गोल, ५५ असिस्ट, १०५ गुण. तिन्ही आकडे तंतोतंत तेच. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, अकरा सामने कमी खेळून, ११०.