निवडणुकीच्या प्रोजेक्टात मार्क पाडायचेत? मग ऐका

कॉलेजला असाल तर कधी ना कधी सर फळ्यावर "भारतातील निवडणूक प्रक्रिया, ऑनलाईन संशोधन, दहा पानं" एवढं लिहून स्टाफरूमला निघून जाणारच. घाबरायचं नाही. मी सोलापुरात राहून हे संशोधन केलंय, अनुभवाचे बोल आहेत.

मोबाईलवर विषय टाका आणि सगळ्यात वर जे येईल ते खरं माना. खाली स्क्रोल करायचं नाही, पान कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय असल्या भानगडीत तर अजिबात पडायचं नाही. आमच्या वर्गात चौदा जणांनी सोलापूरचे विद्यमान खासदार म्हणून जयसिद्धेश्वर स्वामी लिहिले, २०२४ ला प्रणिती शिंदे निवडून येऊन वर्ष होत आलं होतं तरी, आणि चौदाच्या चौदा जणांना दहापैकी आठ. एकानं बरोबर नाव लिहिलं, त्याला सात. अक्षर घाण म्हणे. कव्हरवर संसदेचा फोटो लागतो, तो जुना गोल इमारतीचाच लावा, नवीन २०२३ मध्ये सुरू झाली असेल पण झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर गोलच सेव्ह आहे.

आता एक धोक्याची जागा सांगतो. उमेदवार अर्जासोबत फॉर्म २६ म्हणून प्रतिज्ञापत्र देतात, त्यात संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं लिहिलेलं असतं, सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये लावून धरलं म्हणून ते आपल्याला बघायला मिळतं आणि निवडणूक आयोगाच्या साईटवर फुकटात आहे. तिकडं चुकूनही जाऊ नका. मी गेलो होतो. स्कॅन केलेली पानं, प्रत्येकावर नोटरीचा गोल शिक्का नेमका आकड्यावर बसलेला, मान वाकडी करून रात्री एकपर्यंत वाचत बसलो, कोणाच्या बायकोच्या नावावर किती तोळे सोनं आणि कुठल्या गटात किती जमीन हे तोंडपाठ झालं, आणि सकाळी तोंडीला सरांनी काय विचारलं तर ईव्हीएमचा फुल फॉर्म. गप्प बसलो बे मी.

त्यापेक्षा हे पाठ करा. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी ७ सेकंद दिसते, बोटाची शाई म्हैसूरला बनते, अनामत वाचवायला एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, ६१ व्या घटनादुरुस्तीनं मतदानाचं वय २१ चं १८ झालं. बास.

प्रत्यक्ष अनुभव पाहिजेच असेल तर वर्गात सीआरची, म्हणजे वर्ग प्रतिनिधीची, निवडणूक घ्या. आमच्यात झाली. खडूचं रिकामं खोकं, त्याला ब्लेडनं फट पाडलेली, चिठ्ठ्या वहीच्या पानाच्या. वर्गात पोरं अठ्ठावन्न, चिठ्ठ्या निघाल्या चौसष्ट. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, सहा जास्त भरतात." सर म्हणाले, "उत्साह आहे मुलांमधी, बस खाली." निवडून कोण आलं हे सांगायची गरज नाही, मोजणीच्या आधीपासनंच हजेरीचं मस्टर त्याच्या हातात होतं.

ताजं उदाहरण म्हणून मारकडवाडी घ्या. आपल्याच जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातली. विधानसभेचा निकाल पटला नाही म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये गावातल्या लोकांनी स्वतःच मतपत्रिकेवर परत मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालंच नाही. एसटीत बसलं की जाता येतंय, दोन्ही बाजूच्या माणसांना विचारता येतंय. पण कशाला जायचं ऊन खायला? ग्रुपवर दोन व्हिडिओ फिरतायत, एकात गाव शूर, दुसऱ्यात गाव येडं. घरात वडील ज्या पक्षाचे असतील त्याप्रमाणं एक निवडा आणि खाली "विविध संकेतस्थळे" असं लिहा, व्हॉट्सअॅप लिहिलं की मार्क कापतात.

शेवटच्या पानावर रंगीत पेननं "मी मतदान करणारच". यादीत नाव आहे का नाही ते बघायचं नाही. नाव नोंदवायला १८ पूर्ण झाली का हे बघताना आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची १ तारीख, फॉर्म ६ मोबाईलवरनंच भरता येतो, हे मी माझ्या प्रोजेक्टात पान आठवर चौकटीत लिहिलंय. त्याच जोरावर २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनाला, घोषवाक्य स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. स्टेजवर सर्टिफिकेट देताना पाहुण्यांनी हळूच विचारलं, "काय रे, स्वतःचं नाव नोंदवलंस का?"

"सर," म्हणलं, "ते ऑनलाईन असतंय."