अब्राहम म्हणजे ब्रह्मदेव नव्हे

'अब्राहम म्हणजे ब्रह्मा, त्याची पत्नी सारा म्हणजे सरस्वती. जगातली सारी नावे आपल्याकडूनच गेली,' असा मजकूर जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. चांगली शिकलेली माणसेही तो अभिमानाने पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला गरजेचे वाटते.

ब्रह्माशी जोडलेला संबंध निव्वळ बादरायण आहे. बायबलच्या 'उत्पत्ति' या पुस्तकात या पुरुषाचे आधीचे नाव अब्राम असून सतराव्या अध्यायात ते बदलते. म्हणजे ज्या 'ह'मुळे ब्रह्मा आठवतो, तो आधीच्या नावात नाहीच. शिवाय 'अब' हा पिता या अर्थाचा हिब्रू शब्द असल्याने त्यातला 'अ' गाळून 'ब्राहम' वेगळे काढता येत नाही.

सरस्वतीचा मुद्दा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण भाषेगणिक उच्चार बदलतात ते बव्हंशी नियमाने. आपल्या अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते आणि त्याच नियमाने गोपाळचा गोपाय होतो. तसाच संस्कृतातल्या 'स'च्या जागी प्राचीन इराणी भाषांत 'ह' येतो. म्हणून सिंधूचे तिकडचे रूप हिंदू, आणि सरस्वतीचे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातले रूप हरह्वैती. कंदहारच्या परिसरातील याच नावाच्या प्रदेशाला ग्रीक लोक अराखोसिया म्हणत. कानाला 'अराखोसिया' कितीही परका वाटला, तरी सरस्वतीशी नाते त्याचे आहे, हिब्रूत कुलीन स्त्री असा अर्थ असलेल्या 'सारा'चे नाही.

सगळी नावे इथूनच गेली, हे तर खानदेशातच खोटे ठरते. गावोगावी भेटणाऱ्या गुलाबरावांच्या नावातला गुलाब फारसीतून आलेला आहे. सिकंदर हे मूळचे ग्रीक अलेक्झांडर. अरबी भाषकांनी त्यातल्या 'अल'ला त्यांच्या भाषेतले, इंग्रजी 'द'सारखे उपपद मानले, तेव्हा इस्कंदर उरले आणि फारसीतून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

इथून गेलेली नावेही आहेतच. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो मुसलमान होते. लहानपणी ते सतत आजारी पडत म्हणून वडिलांनी त्यांचे नाव बदलून महाभारतातल्या कर्णावरून ठेवले. जावा बेटावर महाभारत शतकानुशतके काव्यांतून आणि छायाबाहुल्यांच्या खेळांतून नांदत आले आहे, त्यामुळे हे नाव तिथे कसे पोहोचले याचा माग लागतो. अब्राहमाच्या बाबतीत असा एकही दुवा त्या मजकुरात दिलेला नाही.