चकलीवाल्या मुलीला बक्षीस का नाही?

आत्ताच घरी आलोय. डोकं तापलंय, म्हणून जेवायच्या आधी हे लिहितो.

ठाण्यातल्या एका कॉलेजात 'बिझनेस प्लॅन' स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. नऊ जणांपैकी आठांनी ॲप काढलं होतं. प्रत्येकाला विचारलं, पहिलं गिऱ्हाईक कोण आणि पैसे कधी देणार? एकालाही सांगता आलं नाही. नववी मुलगी कळव्याची. आई घरी भाजणीच्या चकल्या करते, ही दुकानांत पोचवते. किलोमागे तेल किती, तुकडे किती निघतात, सगळं वहीत लिहिलेलं. तिला काहीच नाही! बाकीचे दोन परीक्षक म्हणाले, 'स्केलेबल' नाही, म्हणजे धंदा फार मोठा वाढवता येणार नाही. मी भांडलो, उपयोग झाला नाही.

मलाही पदवीला उद्योजकता विषय होता. मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, धंदेवाल्यांना प्रशिक्षण द्यायचा काकीनाडा प्रयोग तोंडपाठ, ७४ मार्क. २०११ला ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेऊन लेबल छपाई सुरू केली. पहिल्या मोठ्या ऑर्डरचं बिल ८६ हजार, आणि ते सात महिने अडकलं. फोन केला की 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. कागदवाला थांबत नाही, कामगारांचा पगार थांबवायचा नसतो. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

आणि कायदा २००६ पासून होता! सूक्ष्म-लघु उद्योगाचा माल घेतला की लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. फक्त सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून आपली नोंदणी आधी हवी. हे मला पाच वर्षांनी सीएने सांगितलं. ७४ मार्कांत ही एक ओळ नव्हती.

१९६४ साली काकीनाड्यातल्या धंदा करणाऱ्या माणसांना समोर बसवून शिकवलं होतं. आपण त्याची पाच मार्कांची टीप करून टाकली.

ॲपमधूनही धंदे उभे राहतात, मान्य. प्राध्यापकांना पोर्शन संपवायचा असतो, तेही कळतं. पण एमआयडीसीची औद्योगिक वसाहत, वागळे इस्टेट, त्या कॉलेजपासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा, वाशीचा एपीएमसी घाऊक बाजार. एक सेमिस्टर मुलांना तिथे सोडा ना! मालासोबतचं डिलिव्हरी चलन बनवू दे, उधारीची वही ठेवू दे, स्वतःच्या पाचशे रुपयांचा माल विकून येऊ दे. बुडाले तरी पाचशेच बुडतील. माझे ८६ हजार होते.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी पार्किंगमध्ये थांबली होती. "काका, दुकानदार म्हणतात दिवाळीनंतर बघू. पैसे कसे मागायचे?"

अख्ख्या दिवसात धंद्याचा हा एकच प्रश्न ऐकला. तिथेच पायरीवर बसलो, तिच्या मोबाईलवर 'उद्यम'ची, म्हणजे तीच सूक्ष्म-लघु उद्योगाची, नोंदणी काढली. फुकट असते. आधार-पॅन आईचं, त्यामुळे ओटीपी आईच्या फोनवर गेला. आई म्हणाली, "थांब गं, हात पिठाचे आहेत." मग एकेक आकडा वाचून दाखवला. एक चुकला, परत मागवला.

शनिवारी दोघींना गाळ्यावर बोलावलंय, पक्कं बिल कसं करायचं ते दाखवायला. तुमच्या ओळखीतल्या कुणा मुलामुलींना यायचं असेल तर पाठवा. अकरापासून मी तिथेच आहे.