पॅकियाओवरचं ते फॉरवर्ड, अन् काट्यावर बसणाऱ्या माणसाचं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या तालमीच्या ग्रुपवर ते फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलं. आधी मामाच्या पोराने टाकलं, मग धुळ्याच्या एका दोस्ताने, मग परत तेच फिरून आलं. वर फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओ या बॉक्सरचा फोटो, खाली लाल अक्षरात ‘६२-८-२, जगातला सगळ्यात फुगवलेला बॉक्सर’ (म्हणजे ६२ विजय, ८ हार, २ बरोबरी) अन् त्याखाली मुद्दे. आठ वजनगटांतली टायटलं म्हणजे कॅचवेटची (गटाच्या मर्यादेऐवजी दोघांनी आपसात ठरवलेल्या वजनाची) चलाखी, वजन वाढलं ते स्टेरॉइडने, मारले ते म्हातारे नाहीतर सुकवलेले, आठ वेळा हरलेला माणूस ग्रेट कसा, मार्केझ नावाच्या बॉक्सरने झोपवलं तिथेच करिअर खल्लास, अन् कधीच न हरलेल्या मेवेदरने तर पार उघडा पाडला. एवढंच आहे त्यात, बाकी हसणाऱ्या स्मायल्या.

मी चोपड्यात केळीच्या व्यापाऱ्याकडे काट्यावर बसतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक, दिवसभर हेच. त्यामुळे हे फॉरवर्ड वाचल्यावर पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही की लिहिणाऱ्याने निकाल वाचलेत पण एकाही लढतीचं वजन अन् तारीख वाचलेली नाही. वेल्टरवेट म्हणजे १४७ पौंड, आपल्या हिशोबात साडेसहासष्ट किलोच्या थोडं वर. हा माणूस तिथे कुठून आला ते बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलणं म्हणजे रिकाम्या गाडीचा काटा न करता पावती फाडण्यासारखं आहे.

तर आधी वजनाचंच घेऊ, कारण त्यात थोडं खरं पण आहे. त्याचं पहिलं मोठं टायटल डिसेंबर १९९८ चं, फ्लायवेट, ११२ पौंड, म्हणजे ५१ किलोसुद्धा नाही, थायलंडच्या चटचाई सासाकुलला आठव्या राउंडला पाडून घेतलेलं. मग २००१ मध्ये १२२ पौंडांत लेडवाबाला हरवलं, ते पण दुसरा कोणी जखमी झाला म्हणून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बोलावलेलं असताना. मग २००३ ला फेदरवेटमध्ये बरेरा, मग सुपर फेदर म्हणजे १३० पौंड, मग २००८ च्या जूनमध्ये लाइटवेट, २००९ मध्ये हॅटनला मारून १४० पौंड अन् कोटोला मारून १४७, अन् २०१० ला मार्गारिटोला मारून १५४ चा बेल्ट. आता जे मान्य करायचं ते मान्य करतो. बरेरा अन् हॅटन, या दोन लढतींत चार मोठ्या संघटनांपैकी कोणाचाही बेल्ट नव्हता, तिथे ‘त्या गटातल्या खऱ्या चॅम्पियनला हरवलं’ या नात्याने मोजणी होते, म्हणून कोणी सहाच मोजले तर मी भांडणार नाही. कोटोची लढत १४७ ऐवजी १४५ वर ठरली होती, मार्गारिटोची १५४ ऐवजी १५० वर, हे पण खरं. कोटोला ते दोन पौंड उतरवायला लावायची काहीच गरज नव्हती असं माझं आजही मत आहे.

पण चलाखी म्हणायची तर फायदा कोणाला झाला ते बघा ना भाऊ. मार्गारिटोच्या वेळी वजन झालं तेव्हा मार्गारिटो १५० भरला अन् हा १४४.६. नियमात बसायला याला काही उतरवावंच लागलं नाही, उलट साडेपाच पौंड कमीच होता. अन् दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये उतरताना मार्गारिटो १६५ पौंडांचा झालेला अन् हा १४८. सतरा पौंडांचा फरक! पावणेआठ किलो! आमच्याकडे पावणेआठ किलोवरून व्यापारी अन् शेतकरी तासभर हुज्जत घालतात. तो फरक घेऊन याने बारा राउंड खेळले अन् मार्गारिटोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. याला कॅचवेटची चलाखी म्हणायचं असेल तर म्हणा.

वजन उतरवणं काय असतं हे ज्याने घरात बघितलंय त्याला हे सांगावं लागत नाही. माझा भाचा शाळेच्या कुस्तीला जिल्ह्यावर निघालेला, आदल्या रात्री पाऊण किलो जास्त भरला. पोराने दोन स्वेटर घातले, वरून खताची प्लास्टिकची गोणी कापून गळ्यात अडकवली अन् नोव्हेंबरच्या थंडीत यावल रोडला पळत सुटला. परत आला तर ओठ पांढरे. पाणी नाही प्यायचं म्हणून चूळ भरून थुंकत होता अन् रात्रभर तांब्याकडे बघत बसला. सकाळी वजनात बसला, बाहेर आला अन् उसाच्या रसाचे तीन ग्लास एका दमात, मग पहिल्याच कुस्तीत दोन मिनिटांत चीत. आमचे आप्पा, जुने पैलवान, तिथेच म्हणले, “बठ्ठं वजन उतारी टाकं, आते लढशी कसाघाई?” (सगळं वजन उतरवून टाकलं, आता लढशील कशाने?)

अन् इथूनच स्टेरॉइडच्या मुद्द्याचं उत्तर सुरू होतं. फॉरवर्डवाला म्हणतो की २००८ मध्ये मार्चला १३० पौंड अन् डिसेंबरला वेल्टरवेट, नऊ महिन्यांत एवढं वजन औषधाशिवाय वाढत नाही. अहो पण डिसेंबरला डी ला होयाशी लढला त्या वेळी तो भरला किती, तर १४२. वेल्टरच्या मर्यादेपेक्षा पाच पौंड कमी. म्हणजे वाढ झाली ती १२ पौंड, साडेपाच किलोच्या आत, अन् त्यातली बरीचशी वाढ नव्हतीच, माणूस उपाशी राहायचा थांबला होता. १३० भरायला जो अंग वाळवायचा तो दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये काही १३० चा नसायचा. अन् मागे जाऊन बघा, १९९५ च्या जानेवारीत पहिली लढत खेळला तेव्हा वय सोळा. घर सोडून मनिलाला आलेला, रस्त्यावर झोपलेला पोरगा, अन् वजन कमी पडायचं म्हणून खिशात जड वस्तू घालून काट्यावर चढायचो असं तो स्वतःच सांगतो. (आमच्याकडे कापसावर पाणी मारून काट्यावर आणणारे आहेत, त्यांचीच जात.) असा पोरगा सोळाव्या वर्षी ४५ किलोच्या आसपास असेल अन् तिशीत पोटभर खाऊन ६५ चा झाला तर त्यात औषध शोधायची गरज नाही. माझे स्वतःचे सोळाव्या वर्षाचे फोटो बघा, शर्टात हँगर घातल्यासारखा दिसतो.

त्याची एकही डोपिंग टेस्ट फेल गेलेली नाही. आरोप मेवेदरच्या गोटातून झाले, पॅकियाओने २००९ च्या शेवटी बदनामीची केस टाकली, २०१२ मध्ये ती मिटली अन् मिटताना समोरच्यांनी निवेदन दिलं की याने असं काही घेतलंय असं आम्हाला म्हणायचंच नव्हतं. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही आवडली नव्हती. २०१० मध्ये मेवेदरशी लढत पहिल्यांदा ठरत होती तेव्हा लढतीच्या जवळच्या दिवसांत टेस्टसाठी रक्त द्यायला याने खळखळ केली अन् त्यावरून सगळं फिसकटलं. तिथे सरळ हो म्हणला असता तर हे फॉरवर्ड जन्मालाच आलं नसतं. २०१५ ला त्याच टेस्टिंगला हो म्हणला, दिली, काही निघालं नाही, पण पाच वर्षं गेली ती गेलीच.

म्हाताऱ्यांचा मुद्दा झटकन उरकतो. डी ला होया ३५ चा होता अन् २००१ नंतर १४७ मध्ये खेळलाच नव्हता, पार सुकलेला होता, ती लढत तुम्ही खुशाल वजा करा. पण बरेरा २९ चा, हॅटन ३० चा, कोटो २९ चा. हॅटन १४० पौंडांत तोपर्यंत कोणाकडूनही हरला नव्हता अन् दुसऱ्या राउंडला आडवा झाला. यातला म्हातारा कोण ते मला दाखवा.

आता आठ हार. यादी काढून बसलो तर गंमत दिसते. १९९६ अन् १९९९ च्या दोन हारा पोरवयातल्या, अन् दोन्हीत घोळ वजनाचाच. ९९ ला तर वजनातच बसला नाही, बेल्ट रिंगमध्ये जायच्या आधी काट्यावरच गेला. २००५ ला मोरालेसने हरवलं, स्वच्छ हरवलं, अन् मग २००६ मध्ये याने त्याला दोनदा मारला अन् दोन्ही वेळा लढत मुदतीआधीच संपवली, हे फॉरवर्डमध्ये कुठे आहे? २०१२ ची ब्रॅडलीची हार तर हार म्हणायलाच जीभ वळत नाही. दोन जजांनी ११५-११३ ब्रॅडलीला दिली, तिसऱ्याने तीच पॅकियाओला, अन् एवढी बोंब झाली की बेल्ट देणाऱ्या डब्ल्यूबीओ संघटनेने पाच जज बसवून व्हिडिओ परत तपासला, तर पाचही जण म्हणले पॅकियाओ जिंकला. निकाल मात्र बदलला नाही, कागदावर हार ती हारच. पण मी फक्त आपल्या बाजूचंच सांगणार नाही. २०१७ ला ब्रिस्बेनमध्ये जेफ हॉर्नने हरवलं ते पण मला पटलेलं नाही, पण तिथेही फेरतपासणी झाली अन् तिथे हॉर्नच जिंकलेला निघाला. मग गप्प बसायचं.

मार्केझ. इथे फॉरवर्डवाल्याने दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. चार लढती झाल्या दोघांच्या. पहिली २००४ ला, पहिल्याच राउंडमध्ये याने मार्केझला तीन वेळा पाडलं, दोन जजांनी त्या राउंडचे पॉइंट १०-६ दिले अन् एकाने १०-७, अन् त्या एका पॉइंटमुळे लढत बरोबरीत सुटली. तो जज नंतर स्वतः म्हणला की माझी चूक झाली. म्हणजे एक विजय तिथे कारकुनी चुकीत गेला. पण तिसरी, २०११ ची, याला दिली ती मला आजही मार्केझचीच वाटते, त्यामुळे फिट्टंफाट. अन् चौथी डिसेंबर २०१२ ची. तिसऱ्या राउंडला हा पडला, पाचव्याला मार्केझ पडला, सहाव्यात याचाच जोर होता, तिन्ही जजांच्या कार्डवर हा ४७-४६ ने पुढे, अन् राउंड संपायला एक सेकंद बाकी असताना हा पुढे झेपावला अन् मार्केझचा उजवा हात समोरून येऊन लागला. तोंडावर पालथा पडला, हललाच नाही. मी ती क्लिप दोनदाच बघितली, तिसऱ्यांदा नाही बघवली.

पण ‘तिथेच खल्लास’? त्यानंतर अकरा महिन्यांनी मकाऊला रिओसला बारा राउंड धुतला, अन् एप्रिल २०१४ मध्ये त्याच ब्रॅडलीला हरवून बेल्ट परत आणला. खल्लास झालेली माणसं अशी नसतात.

मेवेदरचं सांगतो. ३ मे २०१५, रविवार, आपल्याकडे सकाळचे नऊ-साडेनऊ, चोपड्याचं ऊन तेव्हाच भाजायला लागलेलं. मावसभावाच्या ओसरीवर कुलर बाहेर ओढून वीसेक जण टीव्हीपुढे, मावशीने शेवभाजी टाकलेली. चौथ्या राउंडला याचा डावा हात लागला अन् मेवेदर दोरीला टेकला तेव्हा ओसरी उठून उभी राहिली, अन् त्यानंतर हळूहळू एकेक जण खाली बसत गेला. जजांची कार्डं मेवेदरच्या बाजूने ११८-११०, ११६-११२, ११६-११२. मेवेदरचे १४८ ठोसे लागले, याचे ८१. खांदा दुखावला होता, नंतर ऑपरेशन पण झालं, पण मी ते कारण म्हणून सांगणार नाही, कारण खांदा धड असता तरी त्या दिवशी तो माणूस याला सापडलाच नसता. हरला, नीट हरला. पण उघडा पडला म्हणजे काय? मेवेदर पन्नासच्या पन्नास जिंकून गेलाय, त्याच्याकडून हरलेले सगळे उघडे पडले म्हणायचे का मग, कोटो, हॅटन, मार्केझ, डी ला होया, सगळेच?

अन् त्याच्यापुढचं फॉरवर्डवाल्याला माहितीच नाही, किंवा माहिती असून गाळलंय. २० जुलै २०१९, लास वेगास, समोर कीथ थर्मन, ३० वर्षांचा, २९ लढतींत एकही हार नाही. हा चाळिशीचा. पहिल्याच राउंडमध्ये चाळिशीवाल्याने त्याला खाली बसवला, दहाव्यात पोटात असा ठोसा घातला की थर्मनच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी उतरलं, अन् निकाल याच्या बाजूने लागला, वेल्टरवेटच्या इतिहासातला सगळ्यात वयस्कर चॅम्पियन. थर्मन म्हातारा होता का सुकवलेला, हे आता मामाच्या पोरानेच सांगावं.

२०२१ ला उगासकडून हरला, निवृत्त झाला, निवडणूक लढला, ती पण हरला. अन् जुलै २०२५ मध्ये, चार वर्षं रिंगबाहेर राहून, ४६ व्या वर्षी मारियो बॅरिओसपुढे परत वेल्टरवेटच्या बेल्टसाठी उभा राहिला. उतरायलाच नको होतं असं मला वाटत होतं, घाबरत घाबरतच बघायला बसलो. बारा राउंड खेळला. एका जजने ११५-११३ बॅरिओसला दिली, बाकी दोघांनी ११४-११४, लढत बरोबरीत.

म्हणजे रेकॉर्ड आता ६२-८-३ झालंय. तुमच्या फॉरवर्डमध्ये अजून दोनच लिहिलंय, निदान तेवढं तरी दुरुस्त करून पुढे पाठवा.