तीच डीव्हीडी पुन्हा का लावतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘नेपोलियन डायनामाइट’ या अमेरिकन विनोदी सिनेमाच्या डीव्हीडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाऊण तास थांबूनही कथा सुरू होत नाही, नायक तोंड उघडं टाकून उभा असतो आणि तुम्हाला एकदाही हसू आलं नाही. सिनेमा स्वस्तात बनला म्हणून त्याचं कौतुक होतं. चाहते तेच सिनेमे पुन्हा पुन्हा लावून तेच संवाद घोकत बसतात, हे निव्वळ स्मरणरंजन आहे. आणि लहान गावातल्या विचित्र माणसांना हसणं क्रूरपणाचं आहे. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटला. त्याच्यावर मी दोन दिवस विचार केला, पण तिथे जरा नंतर येतो.

तुम्हाला हसू आलं नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. रॉजर ईबर्टसारख्या मुरलेल्या समीक्षकानेही या सिनेमाला चारपैकी दीडच तारा दिला होता. या मतभेदाचं मोजमापसुद्धा झालेलं आहे. नेटफ्लिक्स तेव्हा टपालाने डीव्हीडी घरपोच भाड्याने देत असे. कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल याचा त्यांच्या स्वतःच्या पद्धतीपेक्षा १० टक्के अधिक अचूक अंदाज बांधून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर, अशी स्पर्धा त्यांनी २००६ मध्ये जाहीर केली. स्पर्धकांना १७,७७० सिनेमे आणि १० कोटींहून जास्त मतांची माहिती दिली. एवढ्या पसाऱ्यात गणिती मंडळी अडली ती याच सिनेमापाशी. एका स्पर्धकाच्या हिशेबात उरलेल्या चुकीपैकी सुमारे १५ टक्के चूक या एकट्या सिनेमामुळे होती, कारण लोक त्याला बहुतेक एकतर एकच तारा देत किंवा थेट पाच. माणसाची बाकीची आवड माहीत असली तरी इथे तो कोणत्या बाजूला जाईल ते सांगता येईना. तेव्हा तुमचा एक तारा आणि माझे पाच यांत कुणाची अभिरुची हीन ठरत नाही.

आता पैशांचं. सिनेमा ४ लाख डॉलरमध्ये झाला. दिग्दर्शक जॅरेड हेसने २००३ च्या उन्हाळ्यात आयडाहो राज्यातल्या प्रेस्टन गावी तीन-साडेतीन आठवड्यांत तो चित्रित केला. मुख्य भूमिकेतला जॉन हीडर हा त्याचा विद्यापीठातला सहाध्यायी, त्याला सुरुवातीला मिळाले १,००० डॉलर. पुढे एकट्या अमेरिकेत सिनेमाने ४ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. स्वस्त आहे म्हणून चांगला, असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. स्वस्तातले वाईट सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत. मला बघायचं असतं ते एवढंच, की पैसा नाही म्हटल्यावर दिग्दर्शकाने काय केलं. दिग्दर्शक केव्हिन स्मिथने दुकानातल्या नोकरांवरचा ‘क्लर्क्स’ हा सिनेमा २७,५७५ डॉलरमध्ये काढला. चित्रीकरण खऱ्या दुकानात, ते दिवसा चालू, म्हणून चित्रीकरण रात्री. पण कथा दिवसाची, मग बाहेरचा अंधार लपवायचा कसा? दुकानाच्या शटरच्या कुलुपात कुणीतरी च्युइंगगम कोंबलाय, त्यामुळे शटर उघडत नाही, असं त्याने कथेतच घालून टाकलं. अडचणच कथेत जाऊन बसली, आणि दिवसभर बंद शटरमागे राबणाऱ्या त्या पोराचा वैतागही त्यातून वाढला.

हेसने वेगळी वाट धरली. त्याचा कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. माणूस फ्रेमच्या मधोमध, मागे मोकळं रान किंवा फिक्या रंगाची भिंत. बोलून झालं तरी शॉट तुटत नाही, नुसती शांतता राहते. तुम्ही ज्याला ‘काहीच घडत नाही’ म्हणता ती हीच शांतता. पहिल्यांदा पाहताना मलाही ती टोचली होती, कारण मी पुढच्या विनोदाची वाट पाहत होतो. दुसऱ्यांदा कळलं की हसू त्या थांबण्यातच आहे. नायक नेपोलियनचा मित्र पेड्रो उत्तर द्यायला जो वेळ घेतो तो मोजून पाहा.

हे दुसऱ्यांदा पाहणं थिएटरात सहसा होत नाही. तिथे तिकीट एकाच खेळाचं असतं आणि विनोद पहिल्या फटक्यात लागला नाही की तो वाया गेला. घरातल्या कॅसेटने आणि डीव्हीडीने अशा सिनेमांना मुदत वाढवून दिली. ‘ऑफिस स्पेस’ या विनोदी सिनेमाचं बघा. १९९९ मध्ये खर्च साधारण १ कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई त्याहून जेमतेम जास्त, म्हणजे थिएटरात जवळजवळ आपटलाच. मग लोकांनी तो घरी पाहिला आणि इतका पाहिला, की सिनेमासाठी रंगवून घेतलेला लाल स्टेपलर लोक दुकानात मागू लागले आणि कंपनीला तो खरोखर बाजारात आणावा लागला.

तुमचा स्मरणरंजनाचा आरोप मात्र असा सहज बाजूला सारता येत नाही, कारण खुद्द सिनेमाच त्याबद्दल बोलतो. यात घरात पाहिले जाणारे व्हिडिओ दोन आहेत. पहिला रिको काकाचा. हा माणूस १९८२ मध्ये अडकलेला आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात असताना एक संधी हुकली आणि तिथेच त्याचं घड्याळ थांबलं. तो कॅमेरा लावून, एकटाच चेंडू फेकून स्वतःचं चित्रण करतो आणि पुतण्यांना बसवून ते दाखवतो. तुम्ही चाहत्यांबद्दल जे म्हणता ते रिकोला तंतोतंत लागू आहे, आणि सिनेमा त्याला सोडत नाही.

दुसरी, नेपोलियनने जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली नाच शिकवणारी व्हीएचएस कॅसेट. दार लावून, एकट्याने, तो ती लावतो आणि शिकतो. घरात कुणाला पत्ता नसतो. पुढे शाळेच्या निवडणुकीत भाषणानंतर उमेदवाराला काहीतरी सादर करावं लागतं आणि उमेदवार पेड्रोने काहीच तयारी केलेली नसते, तेव्हा हा पोरगा मित्रासाठी स्टेजवर जाऊन नाचतो. त्या नाचात पडद्याबाहेरचीही तंगी आहे. चित्रीकरणासाठी फिल्म थोडीच उरली होती आणि हीडर बरंचसं ऐन वेळी सुचेल तसं नाचला. मला ही दोन मिनिटं विलक्षण सुंदर वाटतात, हसायला तर येतंच, पण घसाही दाटतो. एकच साधन दोघांच्या हाती होतं. एकाने त्यात स्वतःला पाहिलं, दुसऱ्याने त्यातून काहीतरी उचललं. तीच डीव्हीडी पुन्हा लावताना आपण कुठल्या बाजूला आहोत हा प्रश्न प्रत्येक चाहत्याने स्वतःला विचारावा, हे तुमचं म्हणणं मी घेतो. संवाद घोकण्यापलीकडे ज्यांना काही दिसत नाही त्यांची वकिली मी करणार नाही.

माझ्यापुरतं सांगतो. त्याच डिस्कवर ‘पेलुका’ नावाचा हेसचा आधीचा कृष्णधवल लघुपट आहे. त्यातही हीडरच, पण पात्राचं नाव सेथ. ते बघून मुख्य सिनेमाकडे परत आलो की कळतं, चेष्टेचा भाग कुठे कमी केला आणि माया कुठे वाढवली. अभ्यासासाठी मला याहून चांगली सोय माहीत नाही.

आणि आता क्रूरपणा. इथे तुम्ही एका जागी बरोबर आहात. नेपोलियनचा मोठा भाऊ किप, त्याची इंटरनेटवरची मैत्रीण लफॉन्डा येते आणि किपचा पोशाख, चालणं, बोलणं एकदम पालटतं. तो विनोद काळ्या माणसांबद्दलच्या तयार ठोकळ्यावर उभा आहे आणि तिला स्वतःचं असं फारसं काही दिलेलं नाही. माझ्या लेखात मी हे लिहायला हवं होतं. प्रेमापोटी मी ते ओलांडून गेलो, ती माझी चूक.

पण नेपोलियन, पेड्रो आणि त्यांच्या शाळेतली डेब यांच्याबाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. हेसने हा सिनेमा बाहेरून येऊन केलेला नाही, प्रेस्टनमध्येच तो शाळेत होता. आयडाहोच्या विधिमंडळाने २००५ मध्ये या सिनेमाचं कौतुक करणारा ठराव केला. ज्यांना हसलं गेलं असं तुम्ही म्हणता, त्यांनाच त्यात आपलं काहीतरी दिसलं असावं. शिवाय, कुठलंच पात्र प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. नेपोलियनला आपण विचित्र आहोत हे ठाऊकच नाही, त्यामुळे तो लाजून जगत नाही. स्वतःला शहाणे समजणारे त्याला ढकलतात, आणि सिनेमा त्या ढकलणाऱ्यांना कधीच जिंकू देत नाही.

एक विनंती आहे. सगळा सिनेमा पुन्हा पाहू नका, तेवढा वेळ मी मागत नाही. खांबाला दोरीने बांधलेला चेंडू टोलवायचा तो खेळ आठवतो का? दोन माणसांचा खेळ आहे, आणि नेपोलियन सिनेमाभर तो एकटाच खेळतो. चेंडू फिरून त्याच्याकडेच परत येतो. तेवढे तुकडे शोधून पाहा आणि मग शेवटचं दृश्य लावा, जिथे डेब काही न बोलता समोर येऊन उभी राहते.

तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेची वाट पाहतो.