टाकीला तळ हवाच

मुरबाड-शहापूरकडे गावात घर बांधणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक निरोप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सेप्टिक टाकीला तळ घालू नका, होईल तेवढी खोल खणा, पाणी आपोआप मुरेल. टाकीतून निघणारं पाणी जमिनीत मुरवायच्या वेगळ्या शोषखड्ड्याचा खर्च नको. अधूनमधून शेण-गूळ टाका, २५ वर्षं उपसायला लागणार नाही. गेल्या महिन्यात तिघांनी मला तो पाठवून विचारलं, "दादा, असंच करू ना?"

नका करू.

तळाचा मुद्दा सर्वांत घातक, म्हणून तो आधी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी माती हात-दोन हात, मग मुरूम, खाली कातळ. कातळाला भेगा असतात आणि विहिरीचे झरे त्याच भेगांतून येतात. मैल्याचं पाणी गाळून साफ करायचं काम मातीचं. उघड्या तळाची खोल टाकी मातीला वगळूनच ते पाणी भेगेत सोडते. त्यात जुलै-ऑगस्टात विहिरी काठोकाठ भरतात, भूजल टाकीच्या तळापर्यंत चढतं, आणि मग मैला व पिण्याचं पाणी यांत आड काहीच राहत नाही. माझ्या आत्याकडे लागोपाठ दोन पावसाळे पोरांना जुलाब झाले. विहीर टाकीपासून बारा-पंधरा पावलांवर, टाकीच्या तळाशी नुसते दगड. पाणी तपासलं तेव्हा त्यात विष्ठेतले जंतू निघाले. सेप्टिक टाक्यांसाठीचं भारतीय मानक २४७० शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब ठेवायला सांगतं, ते उगाच नाही. टाकीला काँक्रीटचा तळ आणि आतून सिमेंटचं घोटीव प्लास्टर हवंच.

खोलीचं म्हणाल तर टाकीत पाणी संथ राहून गाळ खाली बसायला हवा. त्यासाठी लांबी लागते, रुंदीच्या दुप्पट ते चौपट. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली सुमारे एक मीटर, एवढी टाकी मानकात बसते. आंघोळीचं नि धुण्याचं पाणी तिच्यात सोडू नका, गाळ बसायच्या आतच ते सगळं ढवळून बाहेर ढकलतं. ते परसातल्या केळींना द्या.

शोषखड्डा वाचवणं म्हणजे अर्धं काम न करणं. टाकीतून निघणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. खड्डा घेण्याआधी जमीन तपासा: छोटा खळगा खणून रात्रभर पाण्याने भिजवा, मग पुन्हा भरून घड्याळ लावा. पाणी २५ मिलिमीटर उतरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तर शोषखड्डा चालणार नाही, उथळ चर घ्यावे लागतील. तासाहून जास्त लागला तर तेही नाहीत, तिथे जमिनीच्या वर गाळणथर बांधावा लागतो. ही तपासणी पावसाळ्यात करा. मे महिन्यात कुठलीही जमीन पाणी पिते.

शेणाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. नवी टाकी सुरू करताना ती पाण्याने भरून थोडा कुजलेला गाळ किंवा कुजलेलं शेण विरजणासारखं घालतात. पण ते एकदाच. पुढे लागणारे जंतू मैल्यातच असतात, वर टाकलेलं शेण गाळात भरच घालतं.

आणि उपसा. माणशी वर्षाला साधारण ४० ते ७० लिटर गाळ साठतो. पाच जणांच्या घरात तीन वर्षांत सहाशे ते हजार लिटर. त्या हजार-अकराशे लिटरच्या टाकीत मग जागाच उरत नाही आणि गाळ थेट शोषखड्ड्यात जाऊन तो कायमचा तुंबतो. दर दोन-तीन वर्षांनी सक्शनची गाडी बोलवा. माणूस आत उतरवू नका, कितीही "दोन मिनिटांचं काम" असलं तरी. आतल्या वायूने पहिला कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला बंदी आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. म्हणून टाकीची जागा ठरवतानाच गाडीचा पाइप रस्त्यावरून झाकणापर्यंत पोचेल का ते पाहा, आणि त्या झाकणावर फरशी घालू नका.