अंबरातला नर, जास्वंदीवरची मादी: ‘अंदाजपंचे’ या आरोपाला उत्तर

मुंबईतल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीच्या फोटोखाली लिहिलंय: ‘कीड कोणती ते मोबाइलचा फोटोच सांगतो. शास्त्रज्ञ मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी अंबरात अडकलेला किडा आजच्याच वंशात घालतात, तेही डीएनए न काढता. वर नावंही बदलतात. सगळा अंदाजपंचे कारभार.’ (अंबर म्हणजे झाडाची गोठून दगड झालेली जुनी राळ; वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट.)

आधी फोटो. त्यात दिसतं ते किडीच्या अंगावरचं मेण. जास्वंदीवर निदान तीन वेगळ्या वंशांचे पिठ्या ढेकूण येतात: मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस, फेनाकॉकस सोलेनॉप्सिस आणि पॅराकॉकस मार्जिनेटस. फेनाकॉकसच्या पाठीवरच्या काळ्या ठिपक्यांवरून तर्क करता येतो, पण तो तर्कच. पॅराकॉकस अल्कोहोलमध्ये टाकला की एक-दोन दिवसांत निळसर काळा पडतो. फेनाकॉकसच्या नखाला आतून एक बारीक दात असतो, उरलेल्या दोघांना नसतो.

तो दात पाहायचा तर प्रौढ मादीची स्लाइड करावी लागते. ७०-७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेली मादी घ्या, अंगाच्या कडेला बारीक चीर द्या आणि १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये मंद आचेवर ठेवा. उकळी आली तर कातडं फाटतं, केस गळतात आणि ओळखीच्या खुणाच जातात. अंग पारदर्शक झालं की आतला ऐवज हलकेच दाबून काढा, पाण्याने धुवा, ॲसिड फुक्सिनने रंगवा. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून शंभर टक्क्यांपर्यंत न्या, लवंगेच्या तेलात ठेवा, शेवटी कॅनडा बाल्सममध्ये बसवा. थोडं जरी पाणी राहिलं तरी स्लाइड दुधाळ होते. मुंबईच्या पावसाळ्यात शुद्ध अल्कोहोलची बाटली उघडी राहिली तरी हवेतलं तेवढं पाणी ते ओढून घेतं.

आता अंबराचा मुद्दा. इथे आक्षेप घेण्यासारखं काही आहे, पण मजकूर लिहिणाऱ्याने ते भलत्याच ठिकाणी शोधलंय. किडा किती जुना याने फारसं बिघडत नाही. घोळ होतो तो नर-मादीचा. खवले किडींचं (पिठ्या ढेकूण त्यांतलेच) आजचं वर्गीकरण मुख्यतः प्रौढ मादीवर उभं आहे. मादीला पंख नसतात, बहुतेक जातींत ती एका जागी चिकटून बसते. उडतो तो नर, पंखांच्या एकाच जोडीवर, आणि तोच झाडाच्या चिकट राळेत अडकतो. म्हणजे अंबरात बहुतेक नर, संग्रहालयांतल्या स्लाइडवर बहुतेक माद्या. तुलना करायची कशाशी?

म्हणून आधी जिवंत जातींचे नर मिळवावे लागतात. पिठ्या ढेकणाच्या वसाहतीत नराचे कापसासारखे लांबट कोष दिसतात. ते एकेक करून जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ठेवायचे आणि रोज पाहायचे, कारण प्रौढ नराला तोंडच नसतं, तो जेमतेम काही दिवस जगतो. आख्खी फांदी बंद डबीत कोंबली तर जुलैत नराआधी बुरशी येते. त्याच वसाहतीतल्या माद्याही जपायच्या, म्हणजे जोडी पक्की होते.

मॅट्सुकॉकस या पाइनवरच्या वंशात ही जोडी जुळलेली आहे. त्याच्या जिवंत नराला संयुक्त डोळे असतात आणि पोटाच्या सातव्या खंडावर नळीसारख्या मेणग्रंथींचा झुबका असतो, त्यातून मेणाचे लांब धागे निघतात. बाल्टिक अंबरातल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातल्या नरांत हेच एकत्र दिसतं. पोलंडचे कीटकशास्त्रज्ञ यान कोतेया यांनी १९८४मध्ये त्यांतल्या जाती वर्णन केल्या त्या अशा लक्षणांवर. एकच लक्षण जुळलं असतं तर मीही या वंशात घालायला नकार दिला असता. आणि जे नर कुठेच बसत नाहीत, त्यांच्यासाठी नामशेष वंश आणि नामशेष कुलंही (वंशांहून मोठे गट) केली आहेत. आजच्या खोक्यात कोंबलेलं नाही.

एवढ्या जुन्या अंबरातून विश्वासार्ह डीएनए मिळत नाही. १९९०च्या दशकातले तसे दावे पुन्हा सिद्ध झाले नाहीत, आणि २०१३मध्ये तर कोलंबियाच्या अगदी अलीकडच्या कोपलमधल्या (अजून अंबर न झालेल्या राळेतल्या) कीटकांतूनही तो हाती लागला नाही. जिवंत नर आणि मादी एकाच जातीचे आहेत का हे तपासायला मात्र डीएनए उत्तम.

नावबदलाचं म्हणाल, तर बाल्टिक अंबरातला मॅट्सुकॉकस पिनॅटस १८५६मध्ये मोनोफ्लेबस वंशात नोंदला गेला. मॅट्सुकॉकस हा वंश निघालाच १९०९मध्ये! आधीच्यांनी तो कुठून आणायचा होता?

नाव पक्कं करण्याची ही खटपट जास्वंदीपर्यंत पोचते. पपईवरचा पॅराकॉकस २००८मध्ये भारतात नोंदला गेला आणि २०१०मध्ये त्याच्या अंगात अंडी घालणारी ॲसेरोफॅगस पपायी ही चिमुकली परजीवी गांधीलमाशी बाहेरून आणून सोडता आली. तुमच्या कुंडीत मॅकोनेलिकॉकस असेल तर ती त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.